मान मोडून घेतल्याने नेमकं काय होतं

पेशंटला उताणं झोपवून त्याचं डोकं दोन्ही हातांत धरायचं, मान हळूच एका बाजूला वळवायची आणि शेवटी छोटासा झटका द्यायचा. ‘कट्’ असा आवाज येतो, मान लगेच हलकी वाटते. पेशंट म्हणतो, सरकलेला मणका बसला. दोन-चार दिवस बरे जातात आणि दुखणं परत येतं. मग ‘मणका पुन्हा सरकला’ म्हणून पुन्हा झटका. काही जणांचं हे वर्षानुवर्षं चालू असतं, आणि त्याच्या मुळाशी असतो त्या आवाजाचा चुकीचा अर्थ.

बोटं मोडताना येतो तोच हा आवाज. सांध्याच्या पिशवीत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याची दोन टोकं झटकन एकमेकांपासून लांब गेली की आतला दाब एकदम उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटाच्या सांध्याचं एमआरआयमध्ये चित्रण करून २०१५ मध्ये हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं. एकदा मोडलेला सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात. यात हाड जागेवर बसण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ते जागेवरून हललेलंच नसतं. मणका खरोखरच सरकलेला असेल, तर त्या मानेला झटका देणं हा अपघात ठरू शकतो. आवाज न येताही आराम पडतो, आणि मोठा आवाज होऊनही काही वेळा ढिम्म फरक पडत नाही.

मग मान हलकी का होते? कातडी, स्नायू आणि सांध्याच्या पिशव्या यांत स्पर्श, ताण, हालचाल टिपणाऱ्या नसांची टोकं दाटीने असतात. हाताच्या दाबाने ती जागी होतात आणि त्यांचा संदेश मज्जारज्जूत पोहोचतो. तिथे तो वेदनेच्या संदेशाची वाट अडवतो. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलेली ही कल्पना ‘गेट’ या नावाने ओळखली जाते. आपटलेला कोपर आपण आपोआप चोळतो, तो याच कारणाने. दुसरीकडे मेंदूकडून खाली येणारी वेदना दाबणारी यंत्रणा कामाला लागते, आणि बचावासाठी आवळून बसलेले स्नायू सैल पडतात. ‘याने मला बरं वाटणार’ हा भरवसाही त्यात हातभार लावतो, आणि तो काही खोटा आराम नव्हे. पण या सगळ्याचा असर टिकतो काही तास, फार तर काही दिवस. हाताच्या, म्हणजे हाताने केलेल्या, उपचाराने मुदत मिळते. त्या मुदतीत मानेकडून काय करून घेतलं, यावर पुढचं सगळं ठरतं.

एक गोष्ट अनेक फिजिओथेरपिस्टांनाही (फिजिओंनाही) रुचत नाही. जुन्या मानदुखीच्या पेशंटमध्ये तपासून शोधलेल्या ‘दोषी’ मणक्यावर दाब देणं आणि चिठ्ठी टाकून निवडलेल्या कुठल्याही मणक्यावर दाब देणं, याची तुलना झालेली आहे. तात्काळ आरामात विशेष फरक दिसला नाही. म्हणून ‘तुमचा पाचवा मणका अडकलाय, तो फक्त मलाच सापडतो’ असं कोणी सांगितलं तर त्या वाक्यावर फार विसंबू नये.

जुनी मानदुखी म्हणजे

तीन महिन्यांहून जास्त टिकलेली. मानेत सात मणके आहेत आणि त्यांच्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं. वरचे दोन मणके बाकीच्यांहून वेगळे आहेत. इतर मणक्यांमध्ये गादीसारखी असते ती चकती (डिस्क) त्यांच्यामध्ये नसते आणि मान वळवण्याची निम्म्याच्या आसपास हालचाल या एकाच जोडीत होते. कवटीच्या बुडाशी सुरू होऊन डोळ्यामागे चढणारी डोकेदुखी अनेकदा इथूनच निघते. खालच्या मणक्यांना पुढे चकती आणि मागे दोन्ही बाजूंना छोटे सांधे असतात. त्यांच्या बाजूच्या फटींतून हाताकडे जाणाऱ्या नसा बाहेर पडतात.

‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य रिपोर्ट हातात घेऊन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या तोंडी असतं. जपानमध्ये मानेची काही तक्रार नसलेल्या १२११ निरोगी माणसांचा एमआरआय काढला, तर ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या थोड्याफार फुगलेल्या निघाल्या. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाबरोबर केस पिकतात तशा चकत्याही झिजतात. रिपोर्टमधला शब्द आणि मानेतलं दुखणं यांची जोडी तपासणीत जुळली तरच त्याला अर्थ. म्हणून मानेला हात लावण्याआधीचा अर्धा तास उपचाराइतकाच मोलाचा असतो.

हात लावण्याआधी

पहिलं काम, कोणाच्या मानेला हात लावायचा नाही हे ठरवणं. पुढची लक्षणं असतील तर आधी डॉक्टर, मग बाकीचं.

शर्टाची बटणं लावताना बोटं चुकतात, अक्षर बिघडलंय, चालताना तोल जातो, मान खाली घातली की पाठीतून विजेसारखी कळ जाते, लघवीवरचा ताबा सुटतोय: यात मज्जारज्जूवर दाब असण्याची शंका येते. मान फारशी दुखतही नसेल, तरी हे सगळ्यांत आधी पाहायचं. ताप, वजन उतरणं, झोपेतून उठवणारी आणि कुठल्याही कुशीवर कमी न होणारी वेदना, पूर्वी झालेला कॅन्सर, याही वाटा वेगळ्या आहेत. आमवाताच्या (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) जुन्या आजारात वरच्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल पडू शकतात. डाउन सिंड्रोममध्येही तेच. हाडं ठिसूळ झाली असतील किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असेल, तर झटका नाहीच. आणि अपघातानंतर मान दोन्ही बाजूंना ४५ अंशही वळत नसेल किंवा वय ६५ किंवा त्याहून जास्त असेल, तर आधी एक्स-रे.

रक्तवाहिनीचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या सहाव्या मणक्यापासून वर मणक्यांच्या भोकांमधूनच जातात आणि पहिल्या मणक्यावर वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान जोरात वळवली की ताण नेमका या वळशावर येतो. धमनीच्या आतल्या थराला चीर पडली तर तिथे गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. असं फार क्वचित घडतं, पण घडतं. गोम अशी, की चीर आधीच पडलेली असेल तर तिचं पहिलं लक्षणच मानदुखी आणि डोकेदुखी हे असतं. म्हणजे तो माणूस मान दुखते म्हणूनच मान मोडून घ्यायला येतो. म्हणून ‘असं याआधी कधीच दुखलं नव्हतं’ हे वाक्य ऐकलं की हात मागे घ्यावा. सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, गिळायला त्रास, चेहरा बधिर होणं, अचानक कोसळणं यांपैकी काही असेल, तर थेट तातडीच्या विभागात.

यातून सुटलेल्या मानेची मग प्रतवारी करायची. काहींची मान अवघडलेली असते, वळणं कमी होतं आणि शेवटाला जाऊन दुखतं. काहींची हालचाल भरपूर असते, पण ताबा नसतो. थोडं बसलं की मान थकते. काहींना मानेतून उगवणारी डोकेदुखी असते. काहींना हातात कळ आणि मुंग्या. हाताचा उपचार पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराला सगळ्यांत जास्त मानवतो, दुसऱ्याला सगळ्यांत कमी. मुळात सैल असलेल्या मानेला आणखी मोकळं करण्यात काय हशील? तरी आवळलेले स्नायू पाहून तिथेच सगळ्यात जास्त रगडलं जातं.

वरच्या मणक्यांची तपासणी छान आहे. उताणं झोपवून हनुवटी छातीला लागेल इतकी मान पुढे वाकवायची आणि तशीच ठेवून डोकं डावी-उजवीकडे वळवायचं. मान पूर्ण वाकवली की खालचे सांधे जखडतात, त्यामुळे वळतात ते फक्त वरचे. दोन्हीकडे सुमारे ४५ अंश वळायला हवं. एका बाजूला दहा-बारा अंश कमी भरलं आणि ओळखीची डोकेदुखी जागी झाली, की जागा सापडली.

हात काय करतो

जुन्या मानेसाठी सर्वाधिक वापरात असलेला प्रकार म्हणजे मोबिलायझेशन, झटक्याविना दिलेले लयबद्ध दाब. पेशंट पालथा, कपाळ टेबलाच्या खाचेत. फिजिओ दोन्ही अंगठ्यांची टोकं जुळवून मणक्याच्या मागच्या उंचवट्यावर ठेवतो, किंवा त्याच्या दोन-अडीच सेंटिमीटर बाजूला, जिथे छोटे सांधे असतात. अंगठे फक्त टेकलेले राहतात. जोर येतो खांद्यांतून, शरीर किंचित पुढे झुकवून. सेकंदाला एक ते दोन दाब, असं तीस ते साठ सेकंद. मग थांबून मान वळवून बघायची, आणि पुन्हा दोन-तीन फेऱ्या.

दाबाच्या पायऱ्या ऑस्ट्रेलियाचे फिजिओ जेफ्री मेटलंड यांनी बसवल्या. पहिली पायरी म्हणजे सुरुवातीलाच अगदी लहान हेलकावे. दुसरीत हेलकावा मोठा, पण अडथळा लागायच्या आत. तिसरीत मोठा हेलकावा अडथळ्यात शिरतो. चौथीत अगदी शेवटाला लहान लहान दाब. दुखणं भडकलेलं असेल तर पहिली-दुसरी, अवघडलेपण असेल तर तिसरी-चौथी. झटका ही पाचवी पायरी. तो इतका झपकन दिला जातो की पेशंटला मध्येच थांबवता येत नाही. बाकीच्या चारांत ‘बस’ म्हटलं की हात थांबतो. अभ्यास एकत्र करून पाहिले तर वेदना कमी होण्यात झटका आणि मोबिलायझेशन जवळजवळ बरोबरीत उतरतात. बरोबरीचा फायदा कमी जोखमीत मिळत असेल, तर मानेला झटका देण्याची घाई कशाला, असं आमचं सरळ मत आहे. झटका द्यायचाच असेल तर तो पाठीच्या वरच्या भागाला द्यावा. दोन खांद्यांमधले मणके मोकळे केले की मानेलाही उसंत मिळते, आणि मानेच्या धमन्या वाटेत येत नाहीत.

कवटीच्या बुडाशी असलेल्या लहान स्नायूंसाठी वेगळी पद्धत आहे. पेशंट उताणा. फिजिओ उशाशी बसून बोटांची टोकं कवटीच्या कडेखाली उभी धरतो आणि डोक्याचा भार त्यांवर येऊ देतो. दाबायचं काहीच नाही, डोक्याचं वजनच दाब देतं. दोन-तीन मिनिटांत बोटं आपोआप आत रुतत जातात. इथे घाई करून बोटं खुपसली की स्नायू उलट ताठ होतात आणि संध्याकाळी डोकं धरतं.

मसाजमध्ये खांद्याच्या माथ्यावरची गाठ अंगठा आणि तर्जनीत चिमटीसारखी धरतात. फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यावरची गाठ थेट दाबतात. दुखणं दहापैकी चार-पाच इतकंच हवं. तीस ते साठ सेकंदांत ते आपोआप उतरायला लागतं. उतरलं नाही तर दाब जास्त आहे किंवा जागा चुकली आहे. ‘जितकं दुखेल तितकं गुणकारी’ हा समज काळेनिळे डाग देतो, बाकी काही नाही. मानेच्या पुढच्या-बाजूच्या भागात, जिथे नाडीचे ठोके लागतात, तिथे अंगठ्याने दाबायचंच नाही.

हातात कळ जात असेल तर डोकं हाताने ओढतात: मान किंचित पुढे वाकलेली, दहा सेकंद हलका ताण, मग सैल, असं काही मिनिटं. या पेशंटने एक खूण लक्षात ठेवावी. कळ बोटांतून कोपरापर्यंत, कोपरातून खांद्यापर्यंत मागे हटत असेल तर उपचार लागू पडतोय, भले मान तात्पुरती थोडी जास्त दुखो. मान हलकी झाली पण मुंग्या खाली उतरल्या किंवा पंजाची ताकद घटली, तर उलटं चाललंय. थांबा.

किती वेळा, आणि कुठे बिघडतं

आठवड्याला एक किंवा दोन बैठका, एकूण चार ते सहा. पहिल्या दोन बैठकांनंतर एक-दोन दिवस ठणका राहणं नेहमीचं आहे. ४८ तास उलटूनही तो ओसरला नाही तर मात्रा जास्त झाली. पुढच्या वेळी फेऱ्या निम्म्या.

प्रत्येक बैठकीत आधी आणि नंतर मोजायला हवं. सरळ बसून मान वळवायची आणि हनुवटीच्या टोकापासून खांद्याच्या टोकाच्या हाडापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. दोन सेंटिमीटरचा फरक दिसला तर तो दिसतो, ‘बरं वाटतंय’ म्हणायची गरज उरत नाही. रोजच्या कामांसाठी मानेची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच, एकूण ५० गुण. ५ ते १० गुणांनी आकडा उतरला तर खरा फरक, दोन गुणांनी उतरला तर हवापाण्याचा परिणाम समजा. तीन-चार बैठकांत टेप आणि आकडा दोन्ही जागचे हलले नाहीत, तर तोच उपचार आणखी दहा वेळा करून काही होत नाही.

नेदरलँड्समध्ये किमान दोन आठवडे मान दुखत असलेल्या १८३ जणांचे तीन गट केले होते. हा अभ्यास २००२ चा. एका गटाला आठवड्याला एकदा हाताचा उपचार, दुसऱ्याला व्यायामावर भर देणारी फिजिओथेरपी, तिसऱ्याला डॉक्टरांचे नेहमीचे उपचार. सात आठवड्यांनी बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण अनुक्रमे ६८, ५१ आणि ३६ टक्के. हाताची बाजू भक्कम दिसते. पण वर्षभराने हे अंतर बरंच मिटलं. हात माणसाला लवकर उभं करतो, तिथे टिकवून ठेवायला मात्र तो पुरत नाही. म्हणूनच जुन्या मानदुखीत उपचार आणि व्यायाम एकत्र देण्याची शिफारस होते.

उपचाराच्या टेबलावरून उतरल्यावरचे काही तास वाया घालवणं ही सर्रास होणारी चूक. मान मोकळी झाली की माणूस खूश होऊन पुन्हा मान खाली घालून कामाला बसतो. खरं तर नव्याने मिळालेली हालचाल त्याच दिवशी, दर दोन तासांनी पाच-सहा वेळा वापरायची असते.

पहिला व्यायाम दिसायला फालतू आहे. उताणं झोपून, डोकं न उचलता, ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी अगदी थोडी खाली आणायची. दहा सेकंद धरायची, दहा वेळा. मानेच्या पुढच्या बाजूला मणक्यांना चिकटून असलेले खोल स्नायू यात काम करतात; जुन्या मानदुखीत नेमके हेच झोपी गेलेले असतात. क्लिनिकमध्ये मानेखाली हवेची छोटी पिशवी ठेवून दाब पाऱ्याच्या २० मिलिमीटरवरून दोन-दोनने ३० पर्यंत न्यायला सांगतात. घरी दोन बोटं गळ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. तिथल्या तिरक्या दोऱ्या ताठ झाल्या तर चुकीचे स्नायू ओढताहेत, जोर कमी करा. हे जमायला तीन-चार आठवडे लागतात. पुढे खांद्यांची ताकद. रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलण्याचा व्यायाम आठवड्यात पाच दिवस, रोज फक्त दोन मिनिटं, असा दहा आठवडे केला तरी मान-खांद्याचं दुखणं कमी झाल्याचं १९८ जणांच्या अभ्यासात दिसलं आहे. वेळ मिळत नाही, ही सबब त्यामुळे जरा लंगडी पडते.

टॉवेलचा प्रयोग

न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन यांनी हाताच्या उपचारात एक सुंदर युक्ती आणली. फिजिओ सांध्याला आधार देऊन सरकवतो आणि त्याच वेळी पेशंट स्वतः हालचाल करतो. वरच्या मणक्यांसाठी ती घरी टॉवेलने करता येते. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील आणि फिजिओने एकदा समोर करून घेतलं असेल तरच.

समजा मान उजवीकडे वळत नाही. खुर्चीत ताठ बसा. टॉवेलची काठ, सपाट भाग नव्हे, कवटीच्या अगदी खाली मानेमागे बसवा. टॉवेलचं डावीकडचं टोक उजव्या हातात घ्या, म्हणजे ते डाव्या गालावरून तोंडासमोर येईल. उजवीकडचं टोक डाव्या हाताने छातीशी खाली घट्ट धरा; हात एकमेकांवर फुली मारतील. आता उजव्या हाताने टॉवेल आडवा, डोळ्यांच्या रेषेला समांतर ओढत डोकं उजवीकडे वळवा. शेवटाला तीन सेकंद थांबा. परत येईपर्यंत ओढ सोडू नका. दोनदा सकाळी, दोनदा संध्याकाळी, बस.

हे करताना अजिबात दुखता कामा नये, हीच त्याची अट. दुखलं तर बहुतेक वेळा काठ खाली घसरून मानेच्या मध्यावर आलेली असते, किंवा ओढ आडवी न राहता वर गेलेली असते. काठ बोटभर वर सरकवा, ओढ निम्मी करा आणि पुन्हा वळून बघा. तरीही दुखलं किंवा गरगरलं, तर टॉवेल बाजूला ठेवून फिजिओला दाखवा.